कय्यूमभाऊंचे तीन मोहटोले

आलापल्लीच्या पोस्टात कय्यूम शेख यांनी एकतीस वर्षं टपाल लावलं. ‘लावलं’ हा त्यांचाच शब्द. गावाच्या लेखी पोस्टाचा माणूस म्हणजे सायकलवरून येणारा. आत बसून पत्रं वेगळी करणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसे. पण एटापल्लीच्या अंगाला जंगलात जाणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या हातातून जाई. त्यांनी ज्या खणात टाकलं, त्या गावाच्या थैलीत ते पडे. खण चुकला की पत्र आठ-पंधरा दिवस भलतीकडे हिंडून परत यायचं, आणि पावसाळ्यात नाले भरलेले असले तर विचारायलाच नको. आपल्या हातून खण चुकत नाही, हे कय्यूमभाऊ स्वतःच चारचौघांत सांगत. नम्रपणाशी त्यांचं फारसं जमत नसे.

पत्ते कसे यायचे म्हणता? एकाच गावाला तलाठ्याच्या दप्तरात एक नाव, माडिया लोकांच्या तोंडी दुसरं, सिरोंच्याकडून आलेल्या व्यापाऱ्याच्या लेखणीत तिसरं. कुणी पहाडाचं नाव लिहायचं, कुणी नुसतं पाटलाचं. एकदा आश्रमशाळेतल्या एका पोरीनं पाकिटावर लिहिलं होतं, ‘माझ्या मायले, दोन चिंचा आहेत ते गाव.’ कय्यूमभाऊंनी ते पाकीट आठवडी बाजारापर्यंत बाजूला ठेवलं, बाजारात चहाच्या टपरीवर चार गावच्या माणसांना विचारलं, आणि संध्याकाळी ते बरोबर थैलीत पडलं.

त्यांची रीत साधी होती. गावाला खण एक, खणावर नाव एक. पाकिटावर दुसरं काहीही लिहून येवो, ते नाव ते एका वहीत टिपून ठेवत आणि त्याच्यापुढे खण कोणता ते लिहीत. दोन गावांचं नाव एकच असेल, तर खणावर नावापुढे खूण. मोहटोला नावाची तर तीन गावं होती. म्हणून खणही तीन: मोहटोला सडकेचा, मोहटोला बांधाचा आणि मोहटोला नदीपल्याडचा. ह्या तिसऱ्याला माडिया लोक इरपूनार म्हणत. इरपू म्हणजे मोहाचं झाड, नार म्हणजे गाव. अर्थ तोच, भाषा दुसरी.

निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांची बायको नूरीबी ब्रह्मपुरीला आले, कारण मुलगी रुखसार तिथे नोकरीला होती. वैनगंगा लोकसंग्रह म्हणून तिथे एक संस्था आहे. खाली ग्रंथालय, वर संग्रहालय. जुनी अवजारं, फोटो, हस्तलिखितं, आणि गुणवंतराव नावाच्या एका हायस्कूल मास्तरांनी पन्नास वर्षांपूर्वी गावोगाव फिरून टेपवर धरलेली गाणी. मास्तर आता नाहीत. त्यांच्या टेपा होत्या, टेपांच्या वह्या होत्या, आणि ते सगळं संगणकावर चढवायचं काम रुखसारकडे होतं.

पहिली चार वर्षं कय्यूमभाऊंनी त्या कामात नाक खुपसलं नाही. खुपसायला कुणी बोलावलंच नव्हतं. ते सकाळी बाजारपेठेत जात, दुकानदारांचं पेपरवाचन दुरुस्त करत आणि दुपारी झोपत. मग एका जून महिन्यात रुखसार संध्याकाळी घरी आली ती तोंड पाडून.

“काय झालं?” नूरीबींनी विचारलं.

“एक बाई आली होती, अम्मी. एटापल्लीकडची. आशा वर्कर आहे. पोरीले नर्सिंगच्या हॉस्टेलवर सोडाले आली होती. तिले कोणी सांगतलं, तिच्या मायचं गाणं आपल्याकडे टेपवर असंन म्हणून. माय मेली तवा हे दहा-बारा वर्षांची होती. फोटो नाई, काई नाई. दोन तास मी शोधलं. मोहटोला टाकलं, तर दोनशे बारा नोंदी आल्या. त्यातली तिची कोणती, काईच कळेना. मग ती म्हणे, आमचं खरं नाव इरपूनार आहे. ते टाकलं तर शून्य.”

“शून्य?” कय्यूमभाऊ खाटेवर उठून बसले.

“शून्य, अब्बा.”

“इरपूनारले शून्य कसं येईन? तिथचा गठ्ठा जात होता माह्या हातानं! अन् मोहटोल्याच्या दोनशे बारा नोंदी कोणत्या मोहटोल्याच्या?”

“म्हणजे?”

“सडकेच्या, बांधाच्या, का नदीपल्याडच्या?”

रुखसारनं बापाकडे पाहिलं. संगणकात मोहटोला एकच होता.

“बाईचं नाव काय?”

“बुधरी. फोन नंबर लिहून घेतला मी.”

“उद्या मी येतो तुह्यासंग,” कय्यूमभाऊ म्हणाले. ते विचारणं नव्हतं. नूरीबी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “जाने दो इनको. घर में बैठके मेरे डब्बों को नाम दे रहे थे.” हे खरं होतं. गेल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या एकोणीस डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या.

लोकसंग्रहाचं काम पाहणाऱ्या स्वाती मॅडम मूळच्या चंद्रपूरच्या. बोलणं मोजकं, कामात कडक. निवृत्त बाप लेकीच्या कचेरीत येऊन चुका काढतो म्हटल्यावर दुसऱ्या कुणी बाहेरच्या बाकावर बसवलं असतं. त्यांनी समोरची खुर्ची दिली.

“कय्यूमभाऊ, आमच्याकडे शब्दांची एक यादी आहे,” त्या म्हणाल्या. “वरच्या मजल्यावर सोळा सुपं आहेत. नोंद करणाऱ्यांपैकी एकानं ‘सूप’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘सुपडा’, तिसऱ्यानं ‘धान पाखडण्याचे साधन’. शोधणारा एकच शब्द टाकतो, त्याला चार दिसतात, बारा राहून जातात. म्हणून आम्ही ठरवलं, नोंदीत शब्द एकच, ‘सूप’. कुणी ‘सुपडा’ शोधलं तर यंत्रानंच त्याला ‘सूप’कडे न्यायचं. गाण्यांचंही तसंच. कांडणाचं, दळणाचं, रोवण्याचं, सगळी ‘श्रमगीते’ या एका नावाखाली, मग त्यांच्या आत पोटभाग.”

कय्यूमभाऊंचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं होतं, इथे येऊन शिकवावं लागेल. इथे तर कुणी आधीच त्यांच्या वहीसारखी वही केली होती.

“म्हणजे तुमी खण केले,” ते म्हणाले.

“तसंच म्हणा.”

“सुपाले खण केला, गाण्याले केला. मग गावानंच काय घोडं मारलं?”

गावांची यादी स्वाती मॅडमनी केलीच नव्हती. संगणकाचं काम एका कंपनीकडे होतं, आणि कंपनीनं महसुली गावांची एक यादी आयती घेऊन जोडली होती. जोडताना सारखी दिसणारी नावं यंत्रानं एकत्र केली. यादीत न बसणारी नावं, म्हणजे इरपूनारसारखी, गाळून टाकली आणि त्या नोंदी ‘इतर’मध्ये ढकलल्या. नोंदी सुटसुटीत दिसू लागल्या, म्हणून सगळे खूष झाले होते.

“मॅडम, तुमी तीन गावांची डाक एका खणात टाकली,” कय्यूमभाऊ म्हणाले. “अन् जे पाकीट वाचता नाई आलं, ते फेकून देलं.”

रुखसारनं खाली पाहिलं. स्वाती मॅडम रागावतील असं तिला वाटलं. पण त्यांनी कपाटातून गुणवंतराव मास्तरांची पहिली वही काढली आणि कय्यूमभाऊंसमोर ठेवली. मास्तरांनी गावाचं नाव जसं ऐकलं तसं लिहिलं होतं. वही जागेवर होती, म्हणजे गाळलेलं सगळं परत मिळणार होतं.

“किती गावं येतात तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“आलापल्लीवरून जाणारी सगळी.”

“कधीपासून बसता?”

“बसलोच आहे ना,” कय्यूमभाऊ म्हणाले.

पुढचे पाच महिने ते रोज अकराला जात आणि पाचला परत येत. जुनी वही त्यांनी ट्रंकेतून काढली, पण ती त्यांना फारशी लागत नसे. ते डोळे मिटून बसत, ओठांतल्या ओठांत नाल्यानाल्यानं चालत जात आणि रुखसारला सांगत. मुख्य नाव हे. तालुका हा. खूण ही. लोक याला आणखी काय म्हणतात, ते हे. रुखसार टाइप करी. मधूनच भांडणं होत. बाप ‘मरपल्ली’ म्हणे आणि लेक विचारी, “मरपल्ली का मारपल्ली?” त्यावर बाप म्हणे, “दोन्ही लिही. येणारा कोणतंबी टाकीन.”

मुख्य नाव कोणतं ठेवायचं यावर स्वाती मॅडमना मोठा वाद अपेक्षित होता. त्यांचं म्हणणं, महसुली नावच वर ठेवावं, कारण दुसऱ्या ग्रंथालयांच्या, संग्रहालयांच्या याद्यांत तेच असतं. उद्या एकमेकांत शोधायचं झालं तर जुळेल. माडिया नाव खाली ठेवलं तर लोकांना वाईट वाटेल, याची मात्र त्यांना धास्ती होती.

कय्यूमभाऊंनी ते दोन वाक्यांत संपवलं. “खणावरचं नाव पाहाले गाव येत नाई, मॅडम. चिठ्ठी भेटली पायजे.” मग म्हणाले, “पण दोन्ही नावं दिसू द्या. लपवू नका.”

खरं भांडण झालं ते कंपनीच्या सुनिलशी. सुनिल नागपूरहून आला होता. हुशार, पण घाईत. तो म्हणाला, प्रणालीत एका गावाला एकच नाव देता येतं. दुसरं हवं तर सगळी रचना बदलावी लागेल, सहा महिने जातील. कय्यूमभाऊ त्याच्या खांद्यामागे उभे राहून पडद्याकडे पाहत होते. इंग्रजी त्यांना पत्त्यापुरतं येत होतं.

“हे करड्या रंगाची पट्टी काय आहे?” त्यांनी बोट लावलं.

“ते बंद आहे, काका.”

“बंद आहे ते दिसून राह्यलं. लिहिलं काय आहे तिथी?”

सुनिलनं वाचलं. पर्यायी नावं. तो हसला, आणि चहा यायच्या आत त्यानं ती पट्टी उघडून दिली. जाताना त्यानं कय्यूमभाऊंचा नंबर घेतला. पुढे राजुऱ्याच्या एका कॉलेजचं काम आलं तेव्हा पहिला फोन त्यानं त्यांनाच केला.

नोव्हेंबरात मोहटोले तीन झाले. दोनशे बारा नोंदी मास्तरांच्या वह्यांशी ताडून तीन ठिकाणी वाटल्या. आता ‘इरपूनार’ टाकलं की थेट नदीपल्याडच्या मोहटोल्याकडे जाता येत होतं. तिथे नऊ नोंदी होत्या आणि त्यांत एक टेप होती: बाईचा आवाज, कुटकीचं बारीक धान्य कांडताना, साल १९७३.

“घ्या,” कय्यूमभाऊ म्हणाले. “हेच.”

“मास्तरांनी गाणारीचं नाव लिहिलं नाही,” स्वाती मॅडम म्हणाल्या.

“गाव बराबर आहे, साल बराबर आहे. फोन लाव, रुखसार.”

बुधरीचा फोन लागला नाही. तिच्या गावात टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नसे. रुखसारनं गाणं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिलं. चौथ्या दिवशी, एटापल्लीला आशांची मीटिंग होती तेव्हा, उत्तर आलं. बुधरीचा आवाज शांत होता. “ताई, आयकलं. हे माही माय नाई. हे आमच्याकडची बोलीच नाई. हे नदीकाठच्या लोकांचं गाणं होय.”

रुखसारनं ते वडिलांना ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं.

“तिले आठवत नसंन,” ते म्हणाले. “बारा वर्षांची पोरगी होती.”

“अब्बा, मायचा आवाज आठवत नाई का कोणाले?”

“गाव चुकू शकत नाई. माह्या खणातलं गाव आहे ते.”

दोन दिवस त्यांनी जेवण नीट केलं नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली. नूरीबींनी कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, “इरपूनारले.” आणि मग एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघून गेली, जी नूरीबींनाही आजवर ठाऊक नव्हती. एकतीस वर्षं ज्या गावांची टपालं लावली, त्यांतल्या बहुतेक गावांत कय्यूमभाऊ कधी गेलेच नव्हते. सगळं ऐकून ठाऊक. बाजारात, टपरीवर, थैली घेऊन जाणाऱ्यांच्या तोंडून. पाय आलापल्लीच्या पुढे फार तर एटापल्लीपर्यंत.

ब्रह्मपुरीहून आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आणि तिथून पुढे सूरजागडच्या लोहखनिजाच्या गाड्यांमागून धूळ खात आलापल्ली. रात्रीपुरते ते जुन्या सोबत्याकडे थांबले आणि सकाळी एटापल्लीला पोचले. बुधरी निरोपाप्रमाणे बसस्टँडवर उभी होती. गुलाबी साडी, खांद्याला औषधांची बॅग, पन्नाशी ओलांडलेली, चालणं मात्र विशीतलं. जीपनं नदीपर्यंत, पुढे पाणी घोट्याएवढं होतं ते तुडवून आणि मग पायवाटेनं त्यांनी गाव गाठलं.

गाव पाहून कय्यूमभाऊ मनातून सुखावले. गाव नदीच्या पल्याड होतं, मोहाची झाडं होती, सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच होतं. बुधरीच्या अंगणात बसून त्यांनी पाणी प्यायलं आणि विषयाला हात घातला.

“बाई, मी जुना माणूस आहे पोस्टातला. राग नका मानू. टेपवर हेच गाव लिहिलं आहे. साल त्र्याहत्तर.”

“त्र्याहत्तरले तर इथी आमी नव्हतोच, भाऊ,” बुधरी म्हणाली.

“म्हणजे?”

“इथी जंगल होतं. खाली काठावर दुसरे लोक राहत. मोहटोला त्याईचं नाव. ते पुढं सडकेकडं गेले. मंग आमी इथी आलो.” तिनं मान वळवून गावामागच्या पहाडाकडे पाहिलं. “आमी तिथी होतो. वर. मी दहा वर्षांची असंन, बिमारी आली गावात. लय माणसं गेली. माही माय बी त्यातच गेली, दोन वर्षानं. तवा गाव उठलं अन् खाली आलं. गाव येतं तवा नाव संगं येतं ना, भाऊ. इरपूनार आमच्यासंग आलं. मंग तलाठी आला, त्यानं इथचं जुनं नाव आमाले लावून देलं.”

बुधरी उठली. “चला, दाखवतो,” ती म्हणाली. त्या भागात बायाही बोलताना असं म्हणतात.

चढ तासाभराचा होता. वर एक सपाट जागा आली. मोहाची जुनी, रुंद झाडं, आणि त्यांच्यामध्ये गवतात बुडालेले चुलींचे दगड. एका बाजूला मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले धोंडे. बुधरी एका चुलीजवळ उभी राहिली. ती चूल कुणाची ते कय्यूमभाऊंना कळलं. खालून पाण्याचा आवाज येत होता.

“हा नाला कोणता?” त्यांनी विचारलं.

“कोरमा नाला.”

ते एका दगडावर टेकले. धाप लागली होती, हे खरं; पण नुसत्या चढानं लागलेली ती नव्हती. “माही नोकरी अठ्ठ्याऐंशीची, बाई,” ते सावकाश म्हणाले. “त्याच्या आधीची डाक मी लावली नाई. अन् सांगून राह्यलो होतो जसं काई मीच गावं वसवली.” मग त्यांनी खिशातून पेन काढलं, हातावरच ‘कोरमा नाला’ लिहिलं आणि उठले. पडून राहणारा माणूस नव्हता तो.

ब्रह्मपुरीला परतल्यावर ते स्वाती मॅडमना म्हणाले, “मॅडम, गावाच्या नावापुढं साल पायजे. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत ते नाव त्या जागेचं होतं. नाईतर आपण पुन्हा तेच करू.” आपण चुकलो, हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. पण घरी आल्या आल्या नूरीबींना सगळं सांगितलं होतं, चुलीसकट.

शोधाचं काम मग रुखसारनंच केलं. पूर्वी ती समोरच्यानं उच्चारलेले शब्द जसेच्या तसे टाकून बघे. ‘माय’, ‘कांडताना’, ‘इरपूनार’. आता तिनं यादी उघडली आणि यादीच्या शब्दांत विचारलं. प्रकार: श्रमगीते, त्यात कांडण. भाषा: माडिया. साल: १९७० ते १९७५. ठिकाणात गाव न टाकता तिनं पाण्याची नावं पाहिली, कारण मास्तर गावाचं नाव कळलं नाही की जवळचा नाला लिहीत, हे वह्या उलटताना तिच्या ध्यानात आलं होतं. कंपनीच्या यादीत नाले नव्हतेच, म्हणून ही सगळी ठिकाणं ‘इतर’ या नावाखाली ढीग होऊन पडली होती. एकशे चाळीस नोंदींचा तो ढीग तिनं मास्तरांच्या वह्यांशी ताडून दीड दिवसात वेगळा केला. ‘कोरमा नाल्यावरची वस्ती’ अशा तीन टेपा निघाल्या. कांडणाची त्यांत एकच.

तिनं ती पाठवली नाही. “आपण घेऊन जाऊ, अब्बा,” ती म्हणाली.

या खेपेला स्वाती मॅडमही आल्या. जानेवारी होता, धान घरात आलं होतं, लोक निवांत होते. बुधरीच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. मयुरी, बुधरीची नर्सिंगची मुलगी, सुट्टीवर आली होती. तिनं फोनला लहानसा स्पीकर जोडला.

आधी नुसता मुसळाचा ठोका. धप, धप. मग एक बाई गाऊ लागली. आवाज जाडसर, श्वास ठोक्याबरोबर तुटणारा. बुधरी भिंतीला टेकून उभी होती ती हलली नाही. गाणं अर्ध्यात आलं आणि अचानक थांबलं. मुसळही थांबलं. ती बाई माडियात कुणाला तरी जोरात काहीतरी म्हणाली, पुन्हा म्हणाली, काहीतरी फेकल्याचा आवाज झाला, आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

अंगणात हशा पिकला. रुखसारला कळेना. मयुरीनं सांगितलं, “बकरी आली कुटकी खायला. आजी तिले शिव्या देऊन राह्यली.”

बुधरी हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरले, पण हसू थांबलं नाही. “हेच,” ती म्हणाली. “हेच माही माय. बकऱ्याईशी तिचं असंच चाले.” तिनं ते पाच वेळा लावायला लावलं, आणि पाचही वेळा बकरीच्या जागी सगळे हसले. एक म्हातारी पुढे आली आणि गाण्याचं शेवटचं कडवं, जे टेप संपल्यामुळे तुटलं होतं, ते तिनं बसल्या जागी म्हणून पुरं केलं. स्वाती मॅडमनी विचारून तेही फोनमध्ये धरून घेतलं, आणि म्हातारीचं नाव, तारीख आणि जागा तिथल्या तिथे लिहिली.

गाण्यानं लोकांची तोंडं मोकळी झाली. कोलू नावाचा एक वयस्क माणूस म्हणाला, तुमच्या मशीनमध्ये गावं आहेत म्हणता, मग आमचे पहाड आहेत का? आमच्या देवाची जागा? मासे धरायचे डोह? कय्यूमभाऊंनी स्वाती मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नव्हते.

“देवाच्या जागेचं नाव बाहेरच्यांना दिसावं, असं वाटतं का तुम्हाला?” मॅडमनी विचारलं.

लोकांनी आपसांत विचार केला आणि सांगितलं, ते नको, बाकीचं लिहा. मॅडमनी तसंच ठरवलं.

मग तिथेच बसकण मारली गेली. कय्यूमभाऊंनी मांडीवर नवी वही घेतली. त्यांची बोटं सैल झाली होती, अक्षर मात्र पोस्टातलंच, गोल आणि ठाशीव. प्रत्येक नावापुढे ते एकच प्रश्न विचारत: कधीपासून? कुणाला ठाऊक असलं तर लिहीत, नसलं तर ‘माहीत नाही’ असं लिहीत. संध्याकाळपर्यंत बेचाळीस नावं झाली. त्यांतली चार गुणवंतराव मास्तरांच्या ‘इतर’च्या ढिगात होती, आणि आता ती कुठली ते रुखसारला समजलं.

शेवटच्या डोहावर गाडी अडली. कोलू म्हणे, त्याचं नाव मासळीवरून पडलं आहे. त्याच्यासमोर बसलेला इसरू म्हणे, मुळीच नाही, तिथे अस्वल पाणी प्यायला येत असे त्यावरून. दोघंही सत्तरीचे, दोघंही ठाम. दोन्ही नावं लोक वापरत होते. बुधरी मध्ये पडली, तर दोघांनी तिला गप्प केलं.

“ठीक आहे,” कय्यूमभाऊ म्हणाले. “दोन्ही लिहितो. पण वर कोणतं ठेवू?”

कोलूनं इसरूकडे पाहिलं. इसरूनं बिडी विझवली. “हे आता नाई सांगता येत,” तो म्हणाला. “ग्रामसभा बसंन. तवा सांगू.”

रुखसारला वाटलं, अब्बा आता आपलं काहीतरी ठरवून देतील. त्यांनी पेन उचललं, वरची ओळ रिकामी सोडली, तिच्याखाली दोन्ही नावं लिहिली आणि वही कोलूच्या हातात दिली. “बराबर लिहिलं का पाहा,” ते म्हणाले. कोलूला वाचता येत नव्हतं; त्यानं वही मयुरीकडे दिली आणि ती मोठ्यानं वाचू लागली.